उन्हाळ्याची हवा

चाचा, तुमची एक चूक सापडली. मला सापडली, आणि सापडल्यापासून मी अकोल्याच्या माझ्या टायरच्या दुकानात अशी मिरवते आहे की शेजारचा बॅटरीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, बाईले लॉटरी लागली. पंधरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. इतक्या निवांत माणसाची चूक काढत बसावं हे काही बरं नाही, हे मलाही कळतं. पण तुम्हीच म्हणायचे, जो उस्तादाची चूक काढन तोच शागीर्द, बाकीचे निस्ते पाने-पकडी उचलनारे. हे म्हणताना तुमच्या डोक्यात दुसऱ्याच कोणाचा तरी उस्ताद असणार, स्वतःचा विचार तुम्ही केला नसेल. तरी शब्द तुमचाच आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना उजव्या हाताला तुमचं पत्र्याचं शेड, पुढे पाण्याचा अर्धा कापलेला ड्रम, आणि माझ्या मोपेडचं मागचं चाक बसलेलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. मी बी.एस्सी. होऊन नांदगाव खंडेश्वरकडच्या पोरांची शिकवणी घ्यायची, आणि त्या पावसाळ्यानंतर पोरं एकेक करून यायची बंद झाली होती. त्या दिवशी माझी शेवटची शिकवणी बंद पडली होती आणि वर हे पंक्चर. तुम्ही ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे आले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, हे तं माह्या प्रॅक्टिकलपेक्षा सोपं हाये." तुम्ही वर न बघता म्हणाले, "मंग करून दाखव." मी पदर खोचला आणि करून दाखवलं. ठिगळ वाकडं बसलं, पण बसलं. दुसऱ्या दिवशी मी मोपेड बरी असताना आले, तेव्हा तुम्ही दाढी खाजवली. "हात काळे होतीन, बेटी," एवढंच म्हणाले. झालेच ते. अजून नखांतून जात नाहीत.

त्या वर्षांत तुमच्या दुकानात नवं टायर चढलेलं मी क्वचित पाहिलं. ट्रॅक्टरचं टायर फाटलं की आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, गेटर म्हणायचे त्याला, आणि तो फाटला की त्यावर दुसरा. गेटरला गेटर. टायर घेऊन येणारा एकच प्रश्न विचारायचा, "चाचा, अजून एक पेरनी काढन का हे?" आणि तुमचं उत्तरही ठरलेलं, "पेरनी मी काढून देतो. येचनीचं तू अन् तुयं नशीब पाहा." मग तो हसायचा, तुम्ही हसायचे, आणि त्या दहा मिनिटांत त्या माणसाचा चेहरा थोडा सैल व्हायचा. मी टायर उचकायची टॉमी कशी धरायची हे नंतर शिकले, माणसाचा चेहरा सैल कसा करायचा हे आधी शिकले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता चुकीकडे येते. माझा पहिला वैशाख. एका टॅक्सीची चारही चाकं मी गाडीच्या पुस्तकात लिहिल्याबरहुकूम भरली होती आणि स्वतःवर खूश होऊन हात पुसत होते. तुम्ही जेवण सोडून उठले, हातात अर्धी भाकरी. गिऱ्हाईकासमोर ओरडले, "मास्तरीणबाई, मानूस मारता का? बाहीर ऊन पाह्यलं का? हवा फुगते आतमंदी!" आणि खाली बसून चारही चाकांतली हवा फुस्स करून सोडली, अंदाजानं, चार-पाच पौंड. त्या टॅक्सीवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विंचू विकला होता. मी रात्री जेवले नाही, इतका राग आला होता. पण राग तुमचा नव्हता, माझा स्वतःचा होता, कारण माझं कॉलेजचं पुस्तकही तेच सांगत होतं. उष्णता वाढली की वायू प्रसरण पावतो. हे मी पोरांना पाठ करायला लावलं होतं, आणि टायरपाशी बसल्यावर मला ते आठवलं नाही. त्या दिवसापासून मी तुमची उन्हाळ्याची हवा कधी चुकवली नाही. तुमचा अनुभव आणि माझं पुस्तक दोघांचं एकमत झालेलं, मग विचारायचं कोणाला? अमरावती-अकोल्यात तसंही कोणी विचारत नव्हतं. होळी झाली की हवा कमी, हे आमच्याकडे लोणच्याच्या कैरीसारखं ठरलेलं.

तुमची दुसरी रीत होती तळहाताची. लांबून आलेली गाडी थांबली की तुम्ही टायरवर तळहात ठेवायचे आणि पाच म्हणायचे. पाचपर्यंत हात राहिला तर टायर बरं. आधीच चटका बसला तर टायर तापलं, अजून थोडी हवा सोडा. मला हे इतकं आवडलं होतं की मी घरी तव्यावरही करून पाहायची, आणि माझी आई म्हणायची, पोरगी गेली कामातून.

ती रीत आणि तो नियम कुठून आला हे तुम्ही एकदाच सांगितलं. दुपारचे आपण डबा खात होतो, तुमच्या घरून आलेली अंबाडीची भाजी मी निम्मी संपवली होती, आणि रस्त्यावरून एक माणूस लंगडत गेला. त्यानं थांबून तुम्हाला सलाम केला. तुम्ही सलाम घेतला, पण मान वर केली नाही. तो गेल्यावर तुमचा घास हातातच थांबला. मग सांगितलं. तो पूर्वी जीप चालवायचा. वैशाखातली वरात होती, कौंडण्यपूरकडे जायची. माणसं जास्त बसणार म्हणून तुम्ही मागच्या चाकांत नेहमीपेक्षा दोन पौंड हवा जास्त भरली होती. भर दुपारी मागचं टायर, घासून गुळगुळीत झालेलं, दोनदा वरून रबर चढवलेलं, ते फुटलं आणि जीप उलटली. जीव कोणाचा गेला नाही, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला. "ते दोन पौंड माहे होते, बेटी," तुम्ही म्हणाले. दवाखान्यात जाऊन तुम्ही त्याच्या त्या पायाला हात लावून शपथ घेतली होती, की आता उन्हात कमीच भरीन, अन् सगळ्यांले कमीच भराले सांगीन. त्याला तर तुम्ही परत परत बजावलं होतं, त्याच्याकडे गाडी राहिली नव्हती तरी. त्यानंतर मी तुमच्या नियमाकडे नियम म्हणून पाहिलंच नाही. ते तुमचं प्रायश्चित्त होतं, आणि दुसऱ्याच्या प्रायश्चित्तात गणित तपासायचं नसतं.

लग्न होऊन मी अकोल्याला निघाले तेव्हा तुम्ही मला हवा मोजायचा पितळी काटा दिला, तुमच्या शर्टाच्या खिशात कायम असायचा तो. मी म्हटलं, "चाचा, तुमाले लागन ना." तुम्ही म्हणाले, "मले हातानं समजते. तुले अजून नाई समजत." निघताना सुद्धा टोमणा. वर्षाच्या आत तुम्ही गेले. मी आले होते. बायका मातीला आत येत नाहीत, म्हणून कबरस्तानाच्या फाटकाबाहेर गाडीवर बसून होते, खिशात तो काटा. लोक बाहेर यायला लागले तसे मला पाहून एकेक जण थांबत गेला. मला तेव्हा रडू आलं नव्हतं. आता लिहिताना येतं आहे, पण आज रडायचं पत्र नाही, चाचा, आज मी जिंकले आहे.

तर गेल्या वैशाखात माझ्या दुकानात वरुडचा एक संत्र्याचा व्यापारी आला. त्याची मुलगी अकोल्यात दिली आहे, म्हणून तो दर आठवड्याला येतो. नवी कोरी उंच गाडी, तिला कंपनीची सोळा इंची चाकं, आणि मागच्या डिक्कीत जावयानं घेऊन दिलेली अठराची काळी अलॉय चाकं, टायरसकट खोक्यात. म्हणाला, "ताई, मोठी चाकं बसवून द्या. पन शोरूमवाला म्हनते, दिवा लागन." हा दिवा तुम्हाला माहीत नाही. आता चाकाच्या आत, हवा भरायच्या वालच्या बुडाशी, काडेपेटीपेक्षा लहान एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतली हवा मोजतो आणि गाडीला कळवतो. हवा ठरलेल्या आकड्याखाली गेली की मीटरवर पिवळा दिवा पेटतो. म्हणजे खिशात काटा असलेला तुमच्यासारखा एक म्हातारा प्रत्येक चाकात बसलेला, समजा.

काम मी मन लावून केलं. आधी मापं पाहिली. चाक मोठं घेतलं की टायरची भिंत बारीक घ्यावी लागते, म्हणजे बाहेरची गोलाई होती तेवढीच राहते. नाहीतर गाडी साठनं पळते आणि मीटर पंचावन्न दाखवतं. जावई शहाणा निघाला, मापं बरोबर होती. मग जुन्या चाकांवरून टायर सोडवताना वाल जिथे आहे त्याच्या समोरच्या बाजूनं सुरुवात केली, कारण वालपाशी यंत्राचा दाब पडला की सेन्सर गेलाच. चारही सेन्सर सलामत काढले, नवीन रबरं घातली, नव्या चाकांच्या भोकात बसवले, हातानं फिरवून पाहिलं की कुठे घासत नाहीत. वजनं लावून चाकं सरळ फिरवली. गाडी उभी राहिली तेव्हा नवरदेवासारखी दिसत होती. व्यापारी तिच्याभोवती तीनदा फिरला. दुपारचे साडेबारा झाले होते, पत्रा तापलेला, डांबर बुटाला चिकटत होतं. गाडीच्या दाराच्या खांबावर कंपनीनं कागद चिकटवलेला असतो, त्यावर हवा लिहिली होती पस्तीस. मी भरली तीस. वैशाख होता, चाचा.

दुसऱ्या दिवशी वरुडहून सकाळी सहाला फोन. दिवा लागला. मी म्हटलं, आणा. तो आला अकरा वाजता, दिवा बंद. मी स्कॅनर लावला, चारही सेन्सर बोलत होते, चारही तीस सांगत होते. परत पाठवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "ताई, मी वरुडातून निघतो तं दिवा लागते, अन् अकोल्यात आलो का इझते. तुमाले पाहून लाजते का काय थो?" मी हसले. एक सेन्सर माझ्याकडचा नवीन घातला. पुन्हा सकाळी दिवा, दुपारी गुल. मध्ये तो शोरूमला जाऊन आला. तिथल्या पोरानं गाडी न उघडताच सांगितलं, टायरवाल्या बाईनं काढताना सेन्सर दुखावले असणार, बायांचं काम नाही ते. हे व्यापाऱ्यानं मला जसंच्या तसं सांगितलं, वरुडची माणसं आडपडदा ठेवत नाहीत. चौथ्या वेळी तो आला तेव्हा जुनी चाकं डिक्कीत होती. "लावून द्या जुनी. अन् ताई, मले बाजारात कोनी इचारलं तं मी खोटं नाई बोलनार."

मला काय झालं ते सांगते. या गावात मी पहिलं टायर चाकावरून सोडवलं तेव्हा लोक पाहायला उभे राहायचे, की बाई चाक उचलते का चाक बाईला उचलते. त्यांचं पाहणं बंद व्हायला किती वर्षं लागली ते मलाच माहीत. आता एका वाक्यात ते सगळं परत सुरू होणार होतं, बायांचं काम नाही ते. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "भाऊ, मले एक सकाळ द्या. तुमच्या घरी येऊन पाहतो. तरी दिवा लागला तं मी स्वतः जुनी चाकं चढवून देतो, अन् बाजारात काय सांगाचं ते सांगा." बोलायच्या नादात मी पुरुषासारखं पाहतो-देतो म्हणाले. तुमच्या दुकानात लागलेली खोड, राग आला की अजून निघते.

वरुडला माझी मावशी आहे, तिच्याकडे आदल्या दिवशी जाऊन राहिले. पहाटे फटफटायला लागलं तेव्हा मी व्यापाऱ्याच्या अंगणात होते. संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटची थप्पी, निंबाखाली गाडी, हवा चक्क गार. त्यानं बटण दाबलं आणि दिवा पेटला, पिवळा, ठसठशीत. "पाहा!" तो म्हणाला, जणू साप दाखवतो आहे. मी स्कॅनर बाहेर काढलाच नाही. खिशातून तुमचा पितळी काटा काढला आणि पहिल्या चाकाला लावला. सव्वीस. दुसरं, सव्वीस. तिसरं, सव्वीस. चौथ्याला लावायची गरज नव्हती, तरी लावला. मी तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती कप धरून तशीच उभी. "काहून हसून राहिल्या या?" तिनं नवऱ्याला विचारलं.

चार सेन्सर एकाच वेळी, एकसारखे बिघडत नाहीत. दिवा खरं बोलत होता. मी भर दुपारी तापलेल्या टायरात तीस भरली होती, तीही मुद्दाम पाच कमी. रात्री टायर गार झालं, हवा आकसली, सव्वीसवर आली. सकाळी गाडीनं ओरडून सांगितलं, मला उपाशी ठेवलं आहे. दुपारपर्यंत उन्हानं आणि धावण्यानं हवा पुन्हा फुगायची, दिवा गप्प, आणि मी अकोल्यात बसून यंत्राला विचारायची की तुला काय झालं. कंपनीचा तो पस्तीस आकडा गार टायरचा असतो, ऊन त्यांनी आधीच हिशेबात धरलेलं असतं. मी बी.एस्सी., मी शिकवणी घेणारी, आणि मला हे सुचायला वरुडचं अंगण लागलं. मी छोटा पंप लावून चारही चाकं पस्तीस केली. गाडी फाटकापर्यंत पुढे घेतली, दिवा विझला. व्यापारी म्हणाला, "सकाळी इझला! सकाळी तं पहिल्यांदा इझला!" आणि बायकोच्या हातातला माझा चहा स्वतःच पिऊन टाकला.

पण खरी परीक्षा पुढे होती. त्याला मुलीकडे जायचंच होतं, मी त्याच गाडीत बसले. मोर्शी गेली, ऊन चढलं. अमरावतीच्या बाहेर त्यानं उसाच्या रसाच्या गाड्याजवळ थांबवलं. मी उतरून काटा लावला. चाळीस. तो माझ्या खांद्यावरून पाहत होता. "चाळीस! ताई, फुटन ना थे!" मी म्हटलं, "नाई फुटत." म्हटलं खरं. मला ती वरात दिसत होती, चाचा. तुमच्या हातात थांबलेला घास दिसत होता. पुढे अकोल्यापर्यंतचा तापलेला रस्ता, आणि चाकात तुमच्या नियमापेक्षा दहा जास्त. तो रस प्यायला गेला. मी मागच्या डाव्या चाकापाशी, जिथे त्याला दिसणार नाही तिथे, खाली बसले आणि त्या एका चाकातली हवा सोडली. तीसपर्यंत. फुस्स. बाकीच्या तिघांना हात लावला नाही. का एकच सोडलं हे मला धड सांगता येत नाही. सगळी सोडली असती तर माझं शिक्षण खोटं, आणि एकही सोडलं नसतं तर तुम्ही खोटे. मला दोन्ही जमत नव्हतं.

अकोल्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, चारही चाकांना सारखंच. व्यापारी मुलीच्या घरात गेला. मी पुढच्या उजव्या टायरवर तळहात ठेवला आणि पाच म्हटले. हात राहिला. पुढचं डावं, पाच. मागचं उजवं, पाच, थोडं जास्त गरम, पण पाच. मग तुमचं चाक. एक, दोन, आणि तिसऱ्याला मी हात ओढून घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा तिसऱ्यालाच. त्याच गाडीचं, त्याच रस्त्याचं, त्याच उन्हातलं चाक, आणि ज्यात हवा कमी तेच पेटलेलं. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतं, वाकतं, आणि वाकून वाकून तापतं. आपण तापलेलं पाहून अजून हवा सोडायचो, ते अजून तापायचं, आपण अजून सोडायचो. तुमचा हात बरोबर सांगत होता, चाचा. इतकी वर्षं तो बरोबरच सांगत होता, आपण त्याचं म्हणणं उलटं ऐकलं.

आणि मग ती जीप. मी तिथेच फूटपाथवर बसले आणि मला जीपचं सगळं समोर दिसलं. वरात भरून माणसं, घासून गुळगुळीत झालेलं, दोनदा वरून रबर चढवलेलं टायर, हे तुम्हीच सांगितलं होतं, आणि तुमचे ते दोन पौंड. ते दोन पौंड त्या जीपला हवेच होते. इतक्या माणसांना खरं तर अजून दोन लागले असते. तुम्ही त्या दिवशी चुकले नव्हते. तुम्ही त्या दिवशी बरोबर होते आणि दुसऱ्या दिवसापासून चुकत गेले. मी मोठ्यानं म्हणाले, "चाचा, ती चूक तुमची नव्हती!" रस्त्यानं जाणारा एक माणूस दचकला. मला इतका आनंद आयुष्यात दोनतीनदाच झाला असेल. एवढी मोठी बातमी हातात, आणि ज्यांना सांगायची ते तुम्ही कबरस्तानाच्या फाटकाआड. मग मी व्यापाऱ्याच्या मुलीच्या दारात जाऊन पाणी मागितलं आणि दोन तांबे प्यायले.

व्यापारी रात्री मुलीकडेच मुक्कामी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, "तपासाले आली" म्हणून मी त्या दारात गेले आणि ते चौथं चाक गुपचूप पस्तीस करून आले. त्यानंतर तो दिवा आजपर्यंत लागलेला नाही. जुनी चाकं व्यापाऱ्यानं गोदामात टाकली. वरुडच्या बाजारात तो खरोखर खोटं बोलला नाही. जाईल तिथे सांगत सुटला की शोरूमले नाई समजलं, कंपनीले नाई समजलं, अकोल्याच्या बाईनं पितळी काट्यानं पकडलं. आता मोठी चाकं बसवायला वरुडच्याच काय, शोरूमच्या सुद्धा गाड्या माझ्याकडे येतात. तो पोरगा स्वतः घेऊन येतो आणि मला मॅडम म्हणतो. मी त्याला काही बोलत नाही, फक्त वाल कुठे आहे ते विचारते, आणि तो पहिल्याच झटक्यात बरोबर दाखवत नाही तोपर्यंत यंत्र सुरू करत नाही. उन्हाळ्यात आता माझं दुकान सकाळी साडेपाचला उघडतं. हवा भरायला रांग लागते, टॅक्स्या, टेम्पो, ट्रॅक्टरसुद्धा. बॅटरीवाला म्हणतो, काकडआरती लावा आता.

एक कबूल करायचं राहिलं. अकोल्यात पोचलो त्या दिवशी व्यापाऱ्यानं मला विचारलं होतं, "ताई, हे सकाळच्या हवेचं कोनं शिकवलं तुमाले?" माझा हात अजून चुरचुरत होता. मी म्हणाले, "माह्या उस्तादानं. त्यायचा नेमच होता, हवा सकाळी मोजाव, गार टायरात." का म्हणाले कुणास ठाऊक. पण बोललेलं वरुडभर झालं, तिथून अमरावतीला गेलं, आणि शेवटी मी पेंटर बोलावून दुकानाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहूनच घेतलं, "हवा सकाळी, गार टायरात. उस्तादांची शिकवण." तुम्ही हे जन्मात कधी म्हणाले नव्हते. उलटंच म्हणाले होते, भाकरी हातात घेऊन, गिऱ्हाईकासमोर.

गेल्या आठवड्यात एक म्हातारा काठी टेकत, एक पाय ओढत दुकानात आला. मी लगेच ओळखलं. भिंतीचं ऐकूनच तो अमरावतीहून आला होता. भिंतीवरची अक्षरं त्यानं बोट फिरवत वाचली. ज्याच्या पायाला हात लावून तुम्ही शपथ घेतली, ज्याला उन्हाळ्याच्या हवेबद्दल जन्मभर बजावलं, तोच. मी हातातला पाना खाली ठेवला आणि वाट पाहत राहिले. तो रांगेतल्या ड्रायव्हरांकडे वळला आणि म्हणाला, "होये. उस्ताद असंच सांगे. म्या सोता आयकलं हाये त्याच्या तोंडून." मग त्यानं भिंतीला सलाम केला. मी त्याला स्टूल दिलं, चहा मागवला, त्या दोन पौंडांचं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "राहू दे, पोरी. जीपमंदी मानसं मीच कोंबली होती." चहा संपेपर्यंत आम्ही दोघं भिंतीखाली बसून होतो, चाचा, आणि भिंतीवरचं कोणीच दुरुस्त केलं नाही. हे पत्रही मी काट्याच्या डबीत घडी करून ठेवते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर तुम्ही आधी भिंतीवरचं ते पुसायला लावाल.